सी रशाद कधी जेवतो?

स्फाक्स,
कुसकुस वाळवून भरून ठेवल्याचा तिसरा दिवस

करकेना बेटावरच्या आमच्या थोरल्या वन्सं त्राकी यांना,

तुमच्या धाकट्या भावाची बायको दलेंदा हिचा सलाम. वन्सं, तुमचा गुडघा, तुमची शेळी आणि तुमचा राग, तिन्ही कसे आहेत? गुडघ्याला कोमट तेल चोळा. शेळीला अल्लाह आयुष्य देवो. रागाचं मात्र वेगळं कळवायला नको, तो पोचला. अंडीवाली सालहा परवाच्या बोटीनं आली आणि टोपलीतून अंडी काढायच्या आधी तिनं तुमचा निरोप काढला: "दलेंदाला विचार, माझ्या मुंधिरमध्ये अशी काय खोट निघाली की लग्न महिन्यावर आलं असताना तिची लेक थांबा म्हणते?" आणि हे तिनं विचारलं कुठं, तर भर धक्क्यावर, बर्फवाले आणि हमाल ऐकताहेत अशा बेतानं. तुमच्या निरोप्यांना आवाज फार चांगला असतो.

म्हणून हे पत्र. तुमच्या भावाला म्हटलं लिहा, तर म्हणाले, "तुझं तोंड चालतं तसा हातही चालव." (बायकांच्या सरकारी वर्गात मी दोन हिवाळे काढले, तेवढ्यावर चाललंय. अक्षरं जिन्यावरून गडगडल्यासारखी दिसतील. गोळा करून वाचा.) आणि आधीच सांगून ठेवते, हे माफीचं पत्र नाही. मुंधिरमध्ये खोट नाही. माझ्या दोर्रामध्येही नाही. माझ्यातल्या खोटी तुम्ही माझ्या लग्नातच सगळ्या बेटाला सांगून संपवल्यात, त्यामुळे नवीन काही शिल्लक असेल असं वाटत नाही. दोष आहे एका पुस्तकाचा, आणि ते लिहिणारा समोर आला तर मी त्याला माझ्या भाषेत सांगणार आहे.

तर ऐका. वर्षाच्या कुसकुसची बेगमी दर उन्हाळ्यात आमच्याच चौकात होते. यंदाही गल्लीतल्या बायका जमल्या, परातींत रवा पडला, त्यावर पाण्याचे हबके बसले आणि तळहात गोल गोल फिरायला लागले. हात रव्यात गुंतले की तोंडाला धरबंध राहत नाही. दर साल आम्ही या दिवसांत गल्लीतली सगळी लग्नं, बाळंतपणं आणि भांडणं त्या रव्याबरोबर वळून, चाळून, गच्चीवर वाळत घालतो, आणि त्यात आजवर कुणाचं वाईट झालेलं नाही. यंदा मात्र औषधवाल्याची बायको, मादाम वसीला, पुस्तक घेऊन आली. तिला रव्यात हात घालायचा नसतो (नखं रंगवलेली). म्हणाली, मी कादंबरी वाचून दाखवते, तुमचं कामही होईल आणि मनही मोठं होईल. मला तेव्हाच कळायला हवं होतं. ज्या बाईला दुसऱ्यांची मनं मोठी करायची असतात, तिच्या पुढ्यात परात कधी नसते.

कादंबरीतला माणूस म्हणजे रशाद, पण मोठ्या घरचा म्हणून मानानं 'सी' रशाद. राजधानीतल्या रेशमाच्या व्यापाऱ्याचा एकुलता एक मुलगा. समुद्राकाठी बंगला, काळी मोटार, चांदीच्या मुठीची काठी, आणि घरी बायकोसुद्धा. एवढं असून माणूस दुःखी. का, तर एका शिवणकाम करणाऱ्या मुलीवर, ज़ुबेदावर, त्याचं मन गेलं, आणि त्या शहाण्या मुलीनं अम्मार नावाच्या तांबटाशी लग्न केलं. झालं. संपली गोष्ट. एवढं सांगायला मला चहाचा एक पेला पुरला असता. पण लिहिणाऱ्यानं त्याचं अख्खं पुस्तक केलंय, आणि त्या पुस्तकभर सी रशाद सुस्कारे टाकतो. मोटारीत टाकतो, गच्चीत टाकतो, मशिदीबाहेर टाकतो (आत जात नाही). एका संध्याकाळी ज़ुबेदा तिच्या गल्लीतल्या हमामातून ओल्या केसांनी बाहेर पडताना दिसली, तर या गृहस्थानं काय करावं? हमामच विकत घेतला आणि दाराला कुलूप ठोकलं. त्या दारातून पुन्हा दुसरी कुठलीही बाई बाहेर पडू नये म्हणून!

इथं वसीलानं पुस्तक मांडीवर ठेवून नाक पुसलं. शेजारच्या हल्लूमानं बाहीनं डोळे पुसले आणि बाहीवरचा रवा डोळ्यात गेल्यावर आणखी रडली. शेलबिया मावशी, ज्यांनी स्वतःच्या नवऱ्याच्या मयताला थेंब काढला नव्हता, त्या "बिचारा गं, बिचारा" म्हणून डोलायला लागल्या. मी विचारलं, "आणि गल्लीतल्या बायका अंघोळीला कुठं गेल्या?"

सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी मयताच्या घरात वाढलेल्या ताटाला मीठ कमी म्हणाले.

"दलेंदा, हे प्रेमाचं पुस्तक आहे," वसीला म्हणाली.

"असेल. म्हणून काय गल्लीनं पारोसं राहायचं?"

"तू पुढचं ऐक ना!"

"नाही ऐकत. बघ तुझ्या पुस्तकात, लिहिलं असेल."

तिनं बघितलं. अर्धी ओळ होती, वन्सं! 'गल्लीतल्या बायकांना आता दूर जावं लागे.' बस. बाळंतिणी, म्हाताऱ्या, उद्या मेंदी लागायची अशा मुली, सगळ्यांना मिळून अर्धी ओळ. आणि त्या मेल्या कुलपावर पडलेल्या चांदण्याला पानभर. बायकोचंही तसंच. लल्ला कमर तिचं नाव. तिच्याबद्दल इतकंच कळतं की तिचं डोकं दुखतं. अहो, दुखणारच! नवरा रात्रंदिवस सुस्कारे टाकतो आणि हमाम विकत घेऊन बंद ठेवतो, त्या बाईचं काय पोट दुखेल? पण तिच्या डोक्यात काय चाललंय ते बघायला लिहिणारा आत शिरत नाही. तो शिरतो फक्त सी रशादच्या डोक्यात, आणि तिथंच गादी टाकून बसतो.

मी रवा वळता वळता यावर पुष्कळ विचार केला (बाकीच्या रडत होत्या, वेळ होता). मला त्या लिहिणाऱ्याची चलाखी कळली. पहिल्याच पानावर तो आपल्याला सी रशादच्या मोटारीत नेऊन बसवतो. बाहेर पाऊस, आत मऊ गादी, शेजारी हा एकटा. आता तुम्हीच सांगा, ज्याच्या मोटारीत बसलो त्याला नावं ठेवता येतात का? तुमच्या दिराच्या टेम्पोतून मी एकदा दवाखान्यात गेले, तेव्हापासून त्यांच्याबद्दल मला वाईट बोलता येत नाही, आणि बोलण्यासारखं किती आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. तांबट अम्मारला मोटार नाही. तो आपल्याला भेटतो तो समोरून, घामट, हातोडा घेऊन.

दुसरी चलाखी याहून मोठी. सी रशाद अख्ख्या पुस्तकात एकदाही जेवत नाही. खरंच सांगते. त्याच्यासमोर ताट येतं, तो सरकवून देतो. कॉफी येते, ती थंड होते. आणि अम्मार? जेव्हा बघावं तेव्हा खातोय! दारात आला तर तोंडात घास, ज़ुबेदाशी बोलला तर कांद्याचा वास, भांडला तर बोटाला हरीसाची लाल चटणी. चघळणाऱ्या माणसासाठी कुणाच्या डोळ्यात पाणी येईल? अम्मारला खाऊ घालून लिहिणाऱ्यानं त्याला हलका केला आणि सी रशादला उपाशी ठेवून थोर केला. (उपाशी कसला! अशी माणसं स्वयंपाकघरात उभ्यानं खातात. मी लग्नाआधी मोठ्या घरात कपडे धुवायला जात होते, मालकांच्या खिशांत पिस्त्याची टरफलं निघायची.)

हे सगळं मी तिथल्या तिथं बोलून दाखवलं. शेलबिया मावशी म्हणाल्या, "तुझ्या काळजात अल्लाहनं दगड घातलाय." मी म्हटलं, "असू दे, आधी तुमच्या परातीत दाणे होताहेत का बघा." बघितलं तर खरंच नव्हते. रडून रडून रवा इतका ओला केला होता की दाण्यांऐवजी गोळे झाले, आणि हल्लूमाच्या परातीत तर एकच गोळा, पोराच्या डोक्याएवढा. तो आम्ही शेजारच्या कोंबड्यांना घातला. कोंबड्या रडल्या नाहीत.

आता मुद्द्यावर येते, तुम्ही वाट बघत असाल. माझी दोर्रा जिन्याच्या पायरीवर बसून हे सगळं ऐकत होती. रडत नव्हती. रडली असती तर मला काळजी वाटली नसती. त्या संध्याकाळी ती बापासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, लग्न थांबवा. मुंधिरनं मला कधी बघितलेलंच नाही." तुमच्या भावानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, आणि माझ्याकडे बघितलं. त्यांचं एवढंच बोलणं. सालहा त्या वेळी नेमकी अंड्यांची टोपली घेऊन दारात. बाकी तुम्हाला माहीत आहे.

मी म्हटलं, "अगं आतेभाऊ आहे तुझा! लहानपणी एका होडीत उलट्या केल्यात दोघांनी!"

"लहानपणीचं नको सांगूस. मागणी घालायला आला तेव्हा त्यानं माझ्याकडे एकदा तरी बघितलं का?"

"बघितलं असेलच."

"नाही बघितलं. त्यानं ब्रिककडे बघितलं."

वन्सं, ते खरं होतं. तुम्हाला आठवतं ना तो दिवस? आपल्या रीतीनं मी जावयापुढे ब्रिक ठेवलं, माझ्या हातचं, पारी कागदासारखी पातळ, आत अंडं अर्धकच्चं, बलक थरथरणारा. सगळ्या बायका दारातून बघताहेत, की पोरगा हातानं उचलून चावतो कसा, आणि बलक सांडतो की नाही. सांडला तर मुलगी नाही. तुमच्या मुंधिरनं ते ब्रिक असं खाल्लं, जसा तो ऑक्टोपस धरायचं मडकं समुद्रातून वर ओढतो, श्वास रोखून, डोळा न हलवता. एक थेंब सांडला नाही. मी स्वतः टाळ्या वाजवल्या, तुम्ही जीभ हलवून आनंदाच्या किलकाऱ्या मारल्यात. आणि दोर्रा समोर केशरी रंगाचा नवा पोशाख घालून उभी होती. तो मीच शिवला होता.

"अंड्याकडे बघितलं म्हणूनच तर तू त्याला मिळालीस!" मी ओरडले.

"मग त्याला अंडंच द्यायचं होतं," दोर्रा म्हणाली.

अशी आहे माझी मुलगी. तुमच्यावरच गेली आहे, आत्यावर, त्यामुळे तक्रार कुणाकडे करणार?

दुसऱ्या दिवशी वाचून वाचून आणि रडून रडून मादाम वसीलाचा आवाज बसला. माझ्या अंगठ्याला सुरी लागली होती, त्यामुळे रव्यात हात घालता येईना. पुस्तक माझ्या मांडीवर आलं. मी बोट ठेवून वाचते, एकेक अक्षर चालवत, पण वाचते. दोर्रा गच्चीवर वाळवण हलवायला गेली होती. पहिलाच परिच्छेद असा, की सी रशाद खिडकीतून ज़ुबेदाच्या घराकडे बघतो आणि त्याच्या काळजातून सुस्कारा निघतो. मी तो वाचला. हल्लूमानं पदर डोळ्याकडे नेला. आणि वन्सं, माझ्या डोक्यात वीज चमकली. मी वाचल्यासारखं करून पुढं म्हटलं, 'मग त्यानं अंड्याचं ब्रिक उचललं, चावा घेतला, आणि पिवळा बलक हनुवटीवरून ओघळून रेशमी टायवर सांडला.'

सगळ्या परातींतले हात थांबले.

"सांडला?" शेलबिया मावशींनी विचारलं.

"सांडला. दोन थेंब सदऱ्यावरही."

"शी! एवढा मोठा माणूस आणि ब्रिक खाता येत नाही?" हल्लूमा म्हणाली. "बरं झालं बाई, ज़ुबेदा वाचली!"

मग मला कोण आवरणार? मी सी रशादला जेवायलाच बसवलं. मी त्याला तळलेले बटाटे घातले, भरलेली मिरची घातली, सुस्कारा टाकला की एक घास, असं करत दोन पानांत त्याला ढेकर आणला. तिकडे अम्मारच्या हातातला कांदा मी काढून घेतला. त्याला दिव्यापाशी बसवलं, तांब्याच्या भांड्यावर ज़ुबेदाचं नाव कोरायला लावलं आणि ताट थंड होऊ दिलं. तासाभरात शेलबिया मावशी तांबटासाठी रडत होत्या. "बिचारा गं, जेवतसुद्धा नाही!" नुसता घास इकडचा तिकडे केला, तर अख्खी गल्ली एका माणसाच्या दारातून उठून दुसऱ्याच्या दारात जाऊन बसली. वसीला बसक्या आवाजात काहीतरी किंचाळत होती, पण आवाजच नाही, तर कुणाला ऐकू जाणार.

आणि हसण्याचा आवाज ऐकून दोर्रा खाली आली. माझ्या मागं उभी राहून तिनं पान बघितलं. माझं बोट होतं त्या ओळीवर.

"आई, इथं बटाटे कुठं आहेत?"

मी बोट हलवलं नाही. "पुढच्या पानावर."

"आणि सी रशाद ब्रिक कधी खातो?"

"कधीतरी खातच असेल! तीनशे पानं माणूस उपाशी जगतो का?"

मला वाटलं, ओरडेल. ओरडली असती तर मीही ओरडले असते, त्यात मी कच्ची नाही. पण तिनं पुस्तक हळूच मिटलं आणि म्हणाली, "मला काय सी रशाद नकोय, आई. त्याला कुलूप लावायला आवडतं, एवढं मलाही कळतं. पण त्यानं बघितलं. चुकलं, सांडलं, जग हसलं, तरी बघितलं. मला जन्मभर एका घरात राहायचंय, तर एकदा कुणीतरी सगळं विसरून माझ्याकडे बघावं, एवढंही मागायचं नाही का?"

मी तिला परात घासायला लावलं.

तर हे असं आहे. तुम्ही म्हणाल पुस्तकं वाचून पोरी बिघडतात. मी तसं म्हणणार नाही, आणि तुम्ही धक्क्यावर तसं म्हणालात तर मी पुढच्या बोटीनं येऊन उत्तर देईन. पुस्तकानं लबाडी केली ती श्रीमंतासाठी केली. पण माझ्या लेकीनं त्यातून आपल्यापुरतं जे उचललं ते लबाडीचं नाही. तेव्हा लग्न मोडलंय असंही समजू नका आणि माझी मुलगी गयावया करत येईल असंही समजू नका. आम्ही आमच्या जागी ठाम आहोत. तुम्ही तुमच्या जागी राहा, गुडघा सांभाळा, आणि ऑक्टोपस वाळवलेत तर आमच्या वाटणीचे ठेवा, भांडण वेगळं आणि ऑक्टोपस वेगळे. तुमच्या भावाचा सलाम. (त्यांनी सांगितला नाही, पण चष्मा पुसताहेत, म्हणजे आहे.)

तुमची, आणि तरीही कुणाला न घाबरणारी,
दलेंदा

ता.क. कुसकुस यंदा अर्धंच झालं. गोळे सगळे हल्लूमाकडे धाडले. पुस्तक वसीलाला परत केलं. शेवटी सी रशाद ज़ुबेदाच्या दारात पावसात भिजून मरतो म्हणे. न्युमोनियानं. कुणी गरम सूप दिलं असतं तर वाचला असता, पण तो पिणार कसा!

आणखी एक. वारा सुटला की दोर्रा वाळवण गोळा करायच्या निमित्तानं गच्चीवर जाते. काल वाळवण नव्हतं, तरी गेली आणि करकेनाच्या दिशेनं बघत बसली. मी विचारलं, काय बघतेस? म्हणाली, "बोटी परतल्या का ते." मी खाली आले. पण मी हे लिहिलंय असं कुणाला सांगू नका.

आणि आता खरं काम. मुंधिरला गुरुवारच्या बोटीनं पाठवा. निमित्त काहीही सांगा. मी ब्रिक करणार आहे, पहिल्यासारखंच, बलक थरथरता ठेवून. दोर्रा समोर उभी असेल. त्याला कानात सांगा, की या वेळी त्यानं अंड्याकडे अजिबात बघायचं नाही. बायका दारात असतील, हसतील, शेलबिया मावशी तर बोंब मारतील. मारू दे. रीत मोडल्याचा दोष मी माझ्या डोक्यावर घेते, मुलीची आई मी आहे आणि ब्रिक माझं आहे. सांडू दे त्याला, हनुवटीवर, गळ्यावर, कुठंही, फक्त नजर तिच्यावरून हलता कामा नये.

आणि वन्सं, त्याला शर्ट पांढरा घाला.